जावाचा पॉड रोज रात्री मरतो आणि साहेब म्हणतात सगळं रस्टमध्ये लिहा

रात्रपाळी
नमस्कार मंडळी, वर्षानुवर्षं वाचनमात्र आहे पण आता पाणी नाकाशी आलंय म्हणून धागा काढतोय.

आमची एक सर्व्हिस आहे, जावा १७, स्प्रिंग बूट, कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी सिस्टिम, तिच्यातला चालता डबा म्हणजे पॉड) चालते. दिवसा किरकोळ चौकश्या, आणि रात्री १ वाजता बॅच लागते, त्यात साधारण ११ हजार खात्यांची स्टेटमेंटं बनवून, प्रत्येकाचं वेगळं जीझिप करून एकाच मोठ्या फाइलीत एकामागून एक जोडायची आणि ती फाइल वर चढवायची, एवढंच काम. पॉडचं लिमिट २ जीबी. आधी एक्सएमएक्स (हीपची, म्हणजे जावाची ऑब्जेक्ट जिथे राहतात त्या मेमरीची, कमाल मर्यादा) १ जीबी होतं तेव्हा आठवड्यातून एखाद वेळी पॉड मरायचा. कोणीतरी म्हणालं मेमरी कमी पडतेय म्हणून दीड जीबी केलं, तर आता रोज मरतो. एक्झिट कोड १३७. लॉगमध्ये आउटऑफमेमरीएरर नाही, काही नाही, लॉग मध्येच तुटलेला. हीप डंप (हीपमध्ये काय काय आहे त्याची फाइल) घेऊन तीन दिवस त्यात डोकं घातलं, जेमतेम ४०० एमबी वापरात, संशय यावा असं काहीच नाही. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे ज्या रात्री मी जागून डंप घेतो त्या रात्री पॉड मरत नाही!!

परवा मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले जावा आता म्हातारी झाली, मेमरीची दुखणी निघणारच, तीन महिन्यांत हे रस्टमध्ये काढा. टीममध्ये पाच जण, रस्ट एकालाही येत नाही. तर खरंच लँग्वेजचा दोष आहे का? आणि आजच्या घडीला प्रॉडक्शनसाठी कुठली लँग्वेज धरावी?

कोबोलकाका
१९९५ ची जावा म्हातारी, तर मग मी कोण? २०२० च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरनी टीव्हीवर येऊन कोबोल येणारे लोक मागितले होते, बेकारभत्त्याची सिस्टिम तुंबली म्हणून. म्हाताऱ्या लँग्वेज मरत नाहीत हो, त्यांना सांभाळणारी माणसं रिटायर होतात. बाकी चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

गंजकं_लोखंड
साहेबांचं बरोबर आहे, फक्त तीन महिने कमी सांगितलेत :)

मायक्रोसॉफ्टने २०१९ ला सांगितलं की त्यांच्या सिक्युरिटी भोकांपैकी साधारण ७० टक्के मेमरी सेफ्टीची. क्रोमियमवाल्यांनी २०२० मध्ये त्यांच्या गंभीर सिक्युरिटी बग्सचा हिशोब केला तर तिथेही ७० टक्क्यांच्याच आसपास. २०१४ चा हार्टब्लीड आठवा, ओपनएसएसएलमध्ये लांबी न तपासता मेमरी कॉपी केली, आणि एका हार्टबीटमागे ६४ केबीपर्यंत सर्व्हरची मेमरी समोरच्याच्या हातात. २०२४ च्या जुलैत क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, तिथेही शेवटी हद्दीबाहेरचं वाचनच निघालं, कोड २१ वा इनपुट वाचायला गेला आणि इनपुट होते २०. लिनक्स कर्नलने डिसेंबर २०२२ मध्ये, ६.१ व्हर्जनला, रस्ट घरात घेतली. अजून काय पुरावा पाहिजे?

सेगफॉल्ट_सदाशिव
पुरावा उत्तम, खटला दुसरा.

लोखंडराव, तुम्ही सांगितलं ते सगळं मेमरी सेफ्टीचं, म्हणजे सोडलेली मेमरी परत वापरणं, हद्दीबाहेर वाचणं-लिहिणं. ते सी आणि सी प्लस प्लसचं दुखणं, जावात ॲरेच्या बाहेर गेलात तर एक्सेप्शन येतं आणि गोष्ट संपते. धागाकर्त्याचं दुखणं आहे मेमरी न सुटणं, म्हणजे लीक. पडसं आणि मुतखडा एकाच काढ्याने जात नाही. आणि रस्टमध्ये लीक होत नाही असं तिचे कर्तेसुद्धा म्हणत नाहीत, दोन आरसींनी (रेफरन्स मोजणाऱ्या पॉइंटरांनी) एकमेकांना धरून ठेवलं की ती मेमरी गेली कामातून, आणि कंपायलरला त्यात काही वावगं वाटत नाही, लीक ही त्यांच्या व्याख्येत 'सेफ'च आहे.

रात्रपाळी, १३७ म्हणजे १२८ + ९. सिग्नल ९ ने मारलाय, म्हणजे इथे बहुधा कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी मर्यादेबाहेर गेली की प्रोसेस मारणारा). जेव्हीएमला (जावा चालवणारं इंजिन) मरतोय हे कळायलाही वेळ मिळाला नाही, मग लॉग कोण लिहिणार? हीप भरला असता तर जावाने स्वतः बोंब मारली असती. तुमचा हीप ठणठणीत आहे, मेमरी हीपच्या बाहेर जातेय. साहेबांना विचारा, नळ गळतो म्हणून बिल्डिंग पाडतात का.

तिसरं_वर्ष
मी इंजिनिअरिंगला आहे (सांगली). आमच्याकडे अजून टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर व्हॉइड मेन लिहायला लावतात, आणि परीक्षेत "गार्बेज कलेक्शनमुळे जावामध्ये मेमरी लीक होत नाही" असं लिहिलं की दोन मार्क मिळतात. मग हीपच्या बाहेर म्हणजे कुठे? आणि मी सी शिकण्यात वेळ घालवतोय का?

चिंचवडचा_ईसीयू
सी शिक बाबा, बिनधास्त शिक, फक्त टर्बो सीवर नको. आम्ही गाड्यांचे कंट्रोलर करतो, तिथे आमच्याकडे मॅलॉकच (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन) नाही. खरंच नाही. मिस्रा सी म्हणून नियमावली आहे, तिच्या २०१२ च्या आवृत्तीत नियम २१.३, स्टँडर्ड लायब्ररीची मॅलॉक-फ्री मंडळी वापरायची नाहीत. कारण मॅलॉकला किती वेळ लागेल सांगता येत नाही, आणि महिनोन्महिने चालणाऱ्या डब्यात मेमरीचे तुकडे होत होत एक दिवस अशी वेळ येते की एकूण जागा आहे पण सलग जागा नाही. ब्रेक दाबल्यावर "थांबा, जागा शोधतोय" चालत नाही. त्यामुळे सगळे बफर आधीच ठरवलेले, स्टॅटिक, लिंकरच्या मॅप फाइलमध्ये शेवटच्या बाइटपर्यंत हिशोब. सुरुवातीला हातपाय बांधल्यासारखं वाटतं, पण याने एक सवय लागते की प्रत्येक बाइट कोणाच्या नावावर आहे हे लिहिताना माहीत असतं. पुढे पायथन लिही नाहीतर काहीही, ती सवय कामाला येते.

श्टुटगार्टची_सून
माहेर नाशिक, नोकरी इथे बॅकएंडवर, जावाच. हीपच्या बाहेर म्हणजे कुठे, तर थोडक्यात सांगते. एक्सएमएक्स ही फक्त हीपची मर्यादा आहे, जेव्हीएमची नाही. त्याच्या वर मेटास्पेस (क्लासची माहिती), जिटने (चालता चालता मशीन कोड बनवणाऱ्या कंपायलरने) तयार केलेला कोड, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक (६४ बिट लिनक्सवर मुळात १ एमबी राखून ठेवतो, वापरतो कमी), डायरेक्ट बफर (हीपबाहेरचे), जीसीचं (गार्बेज कलेक्टरचं) स्वतःचं वहीखातं, आणि या सगळ्यावर नेटिव्ह (जावाबाहेरच्या, सीसारख्या लँग्वेजमधल्या) लायब्ररींनी परस्पर मॅलॉक केलेलं. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ते जेव्हीएमच्या कुठल्याच हिशोबात येत नाही. म्हणून २ जीबीच्या डब्यात दीड जीबीचा हीप म्हणजे बाकी सगळ्यांनी अर्ध्या जीबीत संसार करायचा.

रात्रपाळी, आधी एवढं करा: नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग (जेव्हीएमने ठेवलेला स्वतःच्या मेमरीचा हिशोब) समरीवर चालू करा (ओरॅकलच्या कागदपत्रांप्रमाणे ५ ते १० टक्के वेग खातं, चालेल तेवढं), रात्री पॉड मरायच्या जरा आधी जेसीएमडीने (जावाबरोबर येणारी कमांड) आकडे काढा, आणि त्याच मिनिटाला प्रोसेसचा आरएसएस (प्रत्यक्ष व्यापलेली एकूण मेमरी) बघा. दोन्हीतली वजाबाकी इथे टाका. वजाबाकी छोटी असेल तर गुन्हेगार जेव्हीएमच्या घरातला, मोठी असेल तर बाहेरचा.

गोपाळकाला
या सगळ्या भानगडी बघून आम्ही गो वर गेलो. एक बायनरी, दोन नॉब, आणि १.१९ पासून जीओमेमलिमिट मिळालंय, एक मर्यादा सांगा, तिच्या जवळ गेलं की जीसी आपोआप जोर लावतो. सुटलो.

गंजकं_लोखंड
डिस्कॉर्ड गो वरून रस्टवर गेलं ते का मग? त्यांची एक सर्व्हिस होती, कोणी कुठला मेसेज वाचला याचा हिशोब ठेवणारी, तिच्यात लाखो नोंदींचा कॅश. गोचा जीसी काही कचरा नसला तरी निदान दर दोन मिनिटांनी चालतोच, आणि एवढा मोठा कॅश तपासताना दर दोन मिनिटांनी झटका बसायचा. २०२० मध्ये त्यांनी स्वतः लिहिलंय.

गोपाळकाला
लिहिलंय की, आणि त्यांची गोची व्हर्जन तेव्हाही जुनी होती हेही त्याच वेळी लोकांनी दाखवून दिलं. आणि साहेबा, तुझी सर्व्हिस डिस्कॉर्ड आहे का? इथे लोक दिवसाला चारशे रिक्वेस्ट घेणाऱ्या पोर्टलसाठी लेटन्सीचे (उत्तराला लागणाऱ्या वेळाचे) झटके मोजतात.

सेगफॉल्ट_सदाशिव
दोघांनीही जरा दम घ्या. माणसाचा पॉड मरतोय आणि तुमचं आपलं कबड्डी.

रात्रपाळी
आले आकडे. रात्री १:४० ला आरएसएस १.९ जीबी. ट्रॅकिंगमध्ये एकूण १.१५ जीबी, त्यातला हीप ७२० एमबी, बाकी मेटास्पेस वगैरे मिळून. म्हणजे ७५० एमबी कुठे गेले याचा पत्ता नाही. ताई म्हणाल्या तसं, बाहेरचा गुन्हेगार. १:५२ ला पॉड मेला.

मधल्या काळात एका मित्राच्या सांगण्यावरून मॅलॉक_अरेना_मॅक्स (मॅलॉकच्या अरेना, म्हणजे मेमरीचे कप्पे, किती याची मर्यादा) २ केलं, त्याने थोडा फरक पडला, म्हणजे १:५२ ऐवजी २:०५ ला मेला.

श्टुटगार्टची_सून
अरेनाचा उपाय चुकीचा नाही, जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) ६४ बिटवर एका कोअरमागे ८ पर्यंत अरेना करते आणि सुटलेली जागा त्यांच्यात अडकून पडते, आम्ही त्यासाठी जेमॅलॉक (मॅलॉकचा दुसरा पर्याय) लावतो. पण १३ मिनिटांचाच फरक म्हणजे मूळ कारण ते नाही, खरंच काहीतरी धरून ठेवलंय कोणीतरी.

सेगफॉल्ट_सदाशिव
मला तुमच्या पहिल्याच पोस्टमधल्या दोन गोष्टी सोडत नाहीयेत. एक, हीप वाढवल्यावर लवकर मरायला लागला. दोन, डंप घेतला की मरत नाही. दोन्हींचं उत्तर एकच असणार.

डंप कसा घेता? लाइव्ह ऑप्शन लावून किंवा जेसीएमडीने साधा घेत असाल तर डंपच्या आधी पूर्ण जीसी होतो. म्हणजे तुम्ही पंचनामा करायच्या आधी खोली झाडून घेताय. त्या झाडण्यात जे जायचं ते जातं, म्हणून पॉड वाचतो, आणि म्हणूनच डंपमध्ये काही दिसत नाही. आणि हीप मोठा केला की जीसीला घाई उरत नाही, तो कमी वेळा येतो, कचरा जास्त वेळ पडून राहतो. म्हणजे हीपवर काहीतरी बारकी बारकी मेलेली ऑब्जेक्ट आहेत ज्यांच्या शेपटीला बाहेरची मोठी मेमरी बांधलेली आहे. जीसीला दिसतं ते बारकं ऑब्जेक्ट.

तुम्ही जीझिप करता म्हणालात ना? पूर्ण जीसी न करता क्लास हिस्टोग्राम (कुठल्या क्लासची किती ऑब्जेक्ट) काढा, जेमॅप हिस्टो, लाइव्ह न लावता, आणि डिफ्लेटर (जीझिपमधलं दाबायचं काम करणारं ऑब्जेक्ट) किती आहेत ते मोजा. माझी एक मिसळ लागली.

रात्रपाळी
सदाशिवराव, मिसळ कुठली पाहिजे बोला.

जावा युटिल झिप डिफ्लेटर, नग २,९८७!!!! झेडलिबच्या (जावा आतून वापरते ती सीमधली लायब्ररी) डीफॉल्ट सेटिंगला एका डिफ्लेटरमागे साधारण २५६ केबी नेटिव्ह मेमरी जाते. २,९८७ गुणिले पाव एमबी, ७४७ एमबी. माझी वजाबाकी होती ७५०. पहाटे तीन वाजता कॅल्क्युलेटरवर हा गुणाकार करून मी एकटाच हसत होतो, बायकोने उठून विचारलं काय झालं.

कोड बघितला. जीझिप आउटपुट स्ट्रीमवर फिनिश मारलंय, क्लोज नाही. आणि वर कॉमेंट आहे, तीन वर्षांपूर्वीची, लिहिणारा सोडून गेलाय: "क्लोज करू नका, खालची फाइल बंद होते." आणि त्याचं खरं आहे! क्लोज केलं की जीझिपबरोबर खालची मोठी फाइलही बंद होते, आणि आम्हाला तर तिच्यात पुढचं स्टेटमेंट जोडायचंय. फिनिशने फाइल बरोबर तयार होते, उघडते, कुणाची तक्रार नाही. फक्त आतला डिफ्लेटर सोडायचा राहतो, तो क्लोजमध्येच सुटतो. बिचाऱ्याने एक बग मिटवला आणि दुसरा पेरला.

मास्तरीण
सगळं वाचत होते, राहवलं नाही. तिसऱ्या वर्षातल्या मुलासाठी लिहिते, कारण ते दोन मार्कांचं उत्तर आम्हीच शिकवतो (पेपर मी काढत नाही हो).

घराचा माळा म्हणजे हीप. आवराआवर करणारी बाई कधीतरी येते आणि ज्या वस्तूला घरातलं कोणीच "माझी" म्हणत नाही ती टाकून देते. त्यामुळे लीकचा पहिला प्रकार म्हणजे कोणीतरी अजून "माझी" म्हणतंय पण वापरत नाही, स्टॅटिक मॅपमध्ये टाकलेला कॅश हे त्याचं नेहमीचं उदाहरण, तिथे जीसी काहीच करू शकत नाही. यांच्याकडे झालं ते दुसरंच. माळ्यावर फक्त किल्ली आहे, आणि ट्रंक ठेवलीय शेजारच्यांच्या गोडाउनमध्ये. किल्लीला आता कोणी वाली नाही, पण एवढ्याशा किल्लीसाठी बाई कशाला लवकर येईल, माळा तर रिकामाच दिसतोय. तिकडे गोडाउनमध्ये तीन हजार ट्रंका. माळा मोठा केला तर ती अजून उशिरा येणार. "जावात लीक होत नाही" याऐवजी "ज्याला कोणी धरलेलं नाही ते हीपवरून कधीतरी जातं" एवढंच खरं आहे, आणि त्यातला "कधीतरी" हाच शब्द अभ्यासक्रमात नाही.

गंजकं_लोखंड
मला बोलायला दिलंत तर सांगतो, आणि या वेळी विषयाला धरून. रस्टच्या फ्लेट२ लायब्ररीत जीझिप एन्कोडरला फिनिश आहे, पण ते एन्कोडर स्वतःच गिळून टाकतं आणि बदल्यात खालची फाइल तुमच्या हातात परत देतं. त्यानंतर एन्कोडर उरतच नाही, त्याची मेमरी तिथल्या तिथे सुटते, आणि चुकून पुन्हा वापरायला गेलात तर कंपाइलच होत नाही. रात्रपाळींच्या माणसाला जे दोन्ही पाहिजे होतं, मेमरी सोडायची पण फाइल बंद करायची नाही, ते फंक्शनच्या सहीतच लिहिलेलं आहे. कॉमेंट लिहायची गरज नव्हती.

सेगफॉल्ट_सदाशिव
हा मुद्दा मान्य, बिनशर्त. आधी हाच सांगितला असतात तर वाद झाला नसता. आणि तुमच्या आधी सी प्लस प्लसवाले डिस्ट्रक्टरने हेच करत होते, स्कोप संपला की सुटलं, फक्त तिथे कंपायलर तुम्हाला धरून ठेवत नाही.

गोपाळकाला
गोमध्ये जीझिप रायटरचं क्लोज खालची स्ट्रीम बंद करतच नाही, तसं कागदपत्रात स्पष्ट लिहिलंय. आणि जीझिप अख्खं गोमध्येच लिहिलेलं, झेडलिब नाही, म्हणजे बफर गोच्याच हीपवर, जीसीला सगळं दिसतं. क्लोज विसरलात तर फाइलचा शेवट लिहिला जात नाही, पहिल्याच दिवशी फाइल उघडत नाही आणि बग सापडतो. म्हणजे हा बग गोमध्ये जन्मलाच नसता. पण खरं सांगायचं तर याचं श्रेय लँग्वेजला कमी आणि ज्याने ती लायब्ररी लिहिली त्याला जास्त. जावात १९९० च्या दशकात कोणीतरी ठरवलं की बाहेरची स्ट्रीम बंद केली की आतलीही बंद, त्याची फळं.

कोबोलकाका
आणि पायथनला तुम्ही सगळे स्लो म्हणून नावं ठेवता, तिथे रेफरन्सची मोजणी शून्य झाली की त्याच क्षणी सुटतं (नेहमीच्या सीपायथनमध्ये तरी). नातवाने शिकवलंय मला.

चिंचवडचा_ईसीयू
साहेबांसाठी एक गोष्ट घेऊन जा. गूगलने अँड्रॉइडमधल्या मेमरी सेफ्टीच्या भोकांचं प्रमाण २०१९ च्या ७६ टक्क्यांवरून २०२४ ला २४ टक्क्यांवर आणलं, आणि ते जुना कोड पुन्हा लिहून नाही. जुनं होतं तिथेच ठेवलं, नवीन लिहिलेलं सेफ लँग्वेजमध्ये लिहिलं. जुन्या कोडमधले बग वापरून वापरून सापडत जातात, नव्यातले ताजे असतात. रस्ट आणायचीच असेल तर पुढची नवीन छोटी सर्व्हिस घ्या, ११ हजार लोकांची स्टेटमेंटं बनवणारी चालती गाडी नको.

रात्रपाळी
झालं मंडळी. खालच्या फाइलीवर एक पातळ वेष्टण घातलं ज्याचं क्लोज फक्त फ्लश करतं, आणि जीझिप स्ट्रीम ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (ब्लॉक संपला की क्लोज आपोआप) टाकली. एकूण नऊ ओळी. चार रात्री बॅच पूर्ण झाली, आरएसएस १.२ जीबीला जाऊन सपाट रेघ. एक्सएमएक्स परत १ जीबी केलं. जुनी कॉमेंट काढली नाही, तिच्याखाली अजून तीन ओळी लिहिल्या.

साहेबांना आलेख दाखवला. म्हणाले छान, मग आता पॉडचं लिमिट १ जीबी करून टाका, क्लाउडचं बिल वाचेल. तिकीट पडलंय, माझ्याच नावावर.

श्टुटगार्टची_सून
सही करू नका त्यावर! १ जीबीचा हीप १ जीबीच्या डब्यात कसा बसेल, हेच तर सगळे इथे सांगत होतो. आधी महिनाअखेरची बॅच जाऊ द्या, तेव्हाचे ट्रॅकिंगचे आकडे इथे टाका, मग बघू दीडवर येतंय का.

तिसरं_वर्ष
मास्तरीण मॅडम, परीक्षेत "कधीतरी" लिहिलं तर मार्क कापतील का?

मास्तरीण
माझ्याकडे पेपर आला तर नाही कापणार. दुसऱ्या कोणाकडे गेला तर सांगता येत नाही, दोन्ही उत्तरं लिहून ठेव.